प्रौढ वयातील धर्मांतर आणि हिंदू समाजाचे दायित्व

(उरण येथील व्याख्यानाचा मजकूर)



उरणमध्ये धर्मांतराचा विषय काढताना इतिहासाला दुरून बोलावून आणावे लागत नाही. तो द्रोणागिरीच्या माथ्यावरील पडक्या भिंतींत आहे आणि खाडीपलीकडच्या घारापुरीच्या लेण्यांत आहे. वसई प्रांताबरोबर करंजा बेटावरही पोर्तुगीजांचा अंमल सुमारे दोनशे वर्षे होता. या बेटाचा कारभार वसईहून चाले आणि वसईला आज्ञा गोव्याहून येत. घारापुरीच्या लेण्यांत एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला आणि पुढे तो कायमचा हरवला, ही नोंद कोण्या हिंदू बखरकाराची नाही; दियोगु द कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराचीच आहे. जगातील एका अप्रतिम शिल्पसमूहाचा कर्ता कोण, हे आज कोणालाही निश्चित सांगता येत नाही, त्यामागे हे एक कारण आहे.

त्या काळातील धर्मांतराचे स्वरूप वेगळे होते. १५५९ च्या राजाज्ञेनुसार पोरक्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती म्हणून वाढवण्याची व्यवस्था झाली. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय आले आणि मधली चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. मंडपेश्वरच्या लेण्यावर चर्च उभे राहिले. तेथे माणसाच्या मनाला कोणी विचारले नव्हते. सत्तेने गाव बाटवले आणि गावाने मान खाली घातली. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रयतेला आपल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली गेली. विजेत्याने पराजिताला उपासनेचे स्वातंत्र्य देणे ही त्या काळच्या युरोपात सहज आढळणारी गोष्ट नव्हती. हा औदार्याचा वारसा हिंदू समाजाने अभिमानाने सांगावा आणि टिकवावाही.

त्या काळी बाटलेल्या कुटुंबांचे वंशज आज वसईत, मुंबईत, उरणच्या परिसरात नांदत आहेत. १८८७ मध्ये त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले; पण त्यांच्या घरची बोली मराठी राहिली, लग्नात हळद राहिली, उंबराचे पाणी आणण्याचा विधी राहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लेखन केले आणि २०२० च्या धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ही माणसे चारशे वर्षांपूर्वीच्या बळजबरीची अपराधी नाहीत, तिचे बळी आहेत. त्यांच्याशी हिंदू समाजाचे भांडण असण्याचे कारण नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय दुसरा आहे. ज्याच्यावर तलवार नाही, ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे, ज्याची मुंज झाली आहे, ज्याने वारी पाहिली आहे, ज्याला ज्ञानेश्वरीच्या ओव्या पाठ आहेत, असा माणूस तिशी-चाळिशीत, कधी साठीतही उठतो आणि बाप्तिस्मा घेतो. असे का होते? आपल्या काही कार्यकर्त्यांना प्रत्येक धर्मांतरामागे दुधाची भुकटी आणि गव्हाची पोती दिसतात. ती असतातच, मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये सादर केलेला अहवाल ज्यांनी वाचला आहे, त्यांना ते सांगण्याची गरज नाही. परंतु प्रौढ, सुशिक्षित माणसाचे धर्मांतर या एका चौकटीत बसत नाही. बसवण्याचा हट्ट धरला, तर रोगाचे निदान चुकते आणि औषधही चुकते.

या प्रकारच्या धर्मांतराचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे नारायण वामन टिळक. टिळक प्रॉटेस्टंट झाले, कॅथॉलिक नव्हे. तथापि प्रौढ हिंदू मन कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कोणाच्या चरित्रात दिसत नाही. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. कोकणस्थ ब्राह्मणाचे घर. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ संस्कृताचे अध्ययन. त्याच नाशिकमध्ये नारोशंकराच्या देवळात १७२१ सालची पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वसईच्या विजयाची ती खूण त्या विद्यार्थ्याने कितीदा तरी ऐकली असेल. पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम, कविता, कीर्तन, वक्तृत्व. एकाही ठिकाणी फार काळ न टिकणारा, संसाराकडे दुर्लक्ष करणारा, खिशातला शेवटचा पैसा देऊन टाकणारा असा हा पुरुष होता. आणि त्याच्या डोक्यात एक विचार सतत घोळत होता : जातिभेदाने चिरफाळलेल्या या देशाला एकत्र बांधील असा धर्म कोठे आहे? नसेल तर तो नवा काढावा का?

म्हणजे टिळकांच्या मनातला प्रश्न ख्रिस्ती नव्हता, राष्ट्रीय होता. हाच प्रश्न त्या काळात न्यायमूर्ती रानड्यांना पडला होता आणि पंजाबात आर्य समाजालाही पडला होता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. त्याने काव्यावर गप्पा मारल्या, नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे सांगितले. टिळकांनी ते पुस्तक वाचले. डोंगरावरील प्रवचनाशी ते थांबले. त्यानंतर अनेक महिने मनाची ओढाताण, निनावी पत्रव्यवहार, मित्रांशी वाद झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेहतीस.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. त्या अपरिचित प्रवाशाने टिळकांना काय दिले? पैसा नाही, नोकरी नाही. उलट टिळकांनी या धर्मांतरात होते ते गमावले. त्याने एक पुस्तक दिले, त्यापूर्वी त्यांच्या कवितेची चौकशी केली आणि त्यांच्या प्रश्नाला प्रश्न म्हणून किंमत दिली. त्याच सुमारास पुण्यात काय चालले होते? १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, किंवा चहाचे पेले त्यांच्यापुढे ठेवले गेले, एवढ्यावरून ग्रामण्य माजले. लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना प्रायश्चित्ताच्या वादात ओढले गेले. एका पेल्यातील चहाने धर्म बुडतो की नाही, यावर शंकराचार्यांपर्यंत खटला गेला. जो समाज पेल्यात अडकून पडला होता, त्याच्याकडे नारायण वामनांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ नव्हता. मिशनकडे वेळ होता.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई. माहेरच्या त्या मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या बाप्तिस्म्याची वार्ता आली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढची सुमारे पाच वर्षे पती-पत्नी दुरावलेली होती. त्यांतला बराच काळ लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरात नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. या काळाचे जे चित्र त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये काढले आहे, ते प्रत्येक हिंदू घरात वाचले गेले पाहिजे, ख्रिस्ती ग्रंथ म्हणून नव्हे, आपल्या समाजाचा आरसा म्हणून. तिच्या मनात त्या वेळी ख्रिस्ताविषयी काडीचेही आकर्षण नव्हते. तिच्यापुढे उभा होता तो प्रश्न असा की, नवरा जिवंत असून त्याच्यासाठी कपाळावर कुंकू लावायचे आणि त्याच्या सावलीला मात्र विटाळ मानायचा, हे जमवायचे कसे? आप्तांनी तिला सांभाळले. त्यांच्या मायेविषयी ती कृतज्ञतेनेच लिहिते. पण नवऱ्याकडे परत जाण्याचा, आणि हिंदू राहूनच जाण्याचा, जो एक सरळ मार्ग होता तो दाखवायला कोणीच पुढे आले नाही. शेवटी ती स्वतःच अहमदनगरला गेली. तेथे कित्येक दिवस तिचे सोवळे वेगळे, पाणी वेगळे, चूल वेगळी. टिळकांनी त्यावर कधी सक्ती केली नाही. मग हळूहळू तिच्या मनाने स्पर्शास्पर्शाचा हिशेब मांडला, तो हिशेब जुळेना, आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई गेल्या त्या अन्यायाविरुद्धच्या सद्विचाराने गेल्या. हा विचार हिंदू धर्मात नव्हता काय? ज्ञानेश्वरांपासून चोखोबांपर्यंत, एकनाथांपासून तुकोबांपर्यंत तो ओतप्रोत होता. पंढरपुरात बसून ती बराच काळ त्याच विठ्ठलाच्या दारात होती. पण कीर्तनात समता आणि स्वयंपाकघरात विटाळ, ही आपली दुहेरी वहिवाट तिला बाहेर घेऊन गेली.

नारायण वामन टिळक गेले तरी मराठी मातीतून उपटले गेले नाहीत. तुकाराम हाच आपल्याला ख्रिस्ताकडे नेणारा पूल ठरला, असे ते सांगत. इंग्रजी चालींची गीते गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओव्या, भजने दिली, टाळ-वीणा दिली. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनच्या वेतनाशी संबंध सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. परदेशी मंडळींच्या छत्राखाली हिंदी माणसाचा आत्मा गुदमरतो, हा अनुभव बावीस वर्षांनंतर त्यांच्या पदरी आला होता. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. त्यांचे हातून दहा-साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध करून तो ग्रंथ पुरा केला.

आता दुसरे नाव. महाराष्ट्रात ते फारसे घेतले जात नाही, परंतु कॅथॉलिक धर्मांतराचा विचार त्यांच्याशिवाय पुरा होत नाही. ब्रह्मबांधव उपाध्याय. मूळ नाव भवानीचरण बंद्योपाध्याय. जन्म टिळकांच्याच वर्षी, ११ फेब्रुवारी १८६१ रोजी, बंगालच्या हुगळी जिल्ह्यात. नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, यांचे ते समवयस्क स्नेही. केशवचंद्र सेन यांच्या सहवासात ते ब्राह्मो झाले, शिक्षक म्हणून सिंध-हैदराबादला गेले आणि १८९१ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, आधी अँग्लिकन पाद्रीच्या हातून बाप्तिस्मा घेऊन त्याच वर्षी कराचीत कॅथॉलिक झाले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यातच होती. १८९४ मध्ये तेथूनच त्यांनी ‘सोफिया’ हे मासिक काढले.

या कॅथॉलिकाने भगवी वस्त्रे धारण केली, पायांत पादत्राणे घालणे सोडले आणि मांसाहार वर्ज्य केला. १८९८ मध्ये ‘आम्ही हिंदू आहोत काय?’ असा प्रश्न विचारून त्यांनी स्वतःच उत्तर दिले. जन्माने आपण हिंदू आहोत आणि मरेपर्यंत हिंदूच राहू, संस्काराने मात्र कॅथॉलिक आहोत, असा त्याचा आशय होता. त्रैक्याची स्तुती त्यांनी सच्चिदानंद या संज्ञेत संस्कृत भाषेत रचली. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाला ग्रीक ॲरिस्टॉटल चालतो, तर शंकराचार्य का चालू नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८९९ मध्ये जबलपूरजवळ नर्मदाकाठी त्यांनी कॅथॉलिक संन्याशांचा मठ आरंभला.

रोमला हे रुचले नाही. पोपच्या भारतातील प्रतिनिधीने मठाला विरोध केला आणि तो मोडला. त्यांच्या नियतकालिकापासून दूर राहण्याची ताकीद कॅथॉलिकांना देण्यात आली. ज्याने हिंदू तत्त्वज्ञानाची भाषा घेऊन चर्चमध्ये प्रवेश केला, त्याला चर्चने सांगितले की, भाषा दाराबाहेर ठेवून ये. आज त्याच चर्चमध्ये आरती होते, निरांजन लावले जाते, आश्रम काढले जातात, आणि याच ब्रह्मबांधवांचे नाव तेथे आदराने घेतले जाते. हे परिवर्तन हृदयाचे किती आणि धोरणाचे किती, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. १९९९ च्या नोव्हेंबरात दिल्लीला आलेल्या पोप जॉन पॉल द्वितीय यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक काढण्याची आशा बोलून दाखवली, तेव्हा भारतातील विचारी माणसाला निरांजनाच्या ज्योतीकडे थोडे निरखून पाहावेसे वाटले, तर त्यात त्याचा दोष नाही.

उपाध्याय पुढे वंगभंगाच्या आंदोलनात उतरले. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातील विद्यालयाच्या आरंभी, १९०१ मध्ये, ते त्यांच्यासोबत होते. १९०४ मध्ये त्यांनी ‘संध्या’ पत्र काढले आणि बाजारातल्या साध्या बंगालीत ब्रिटिश सत्तेवर आग ओकली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी समुद्रगमनादी दोषांबद्दल विधिवत प्रायश्चित्त घेऊन हिंदू समाजातील आपले स्थान पुन्हा पत्करले. सप्टेंबरात राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. या देवदत्त स्वराज्यकार्याबद्दल परकीय न्यायालयाला जाब देण्यास आपण बांधील नाही, अशी भूमिका त्यांनी न्यायालयातच घेतली. खटला चालू असतानाच शस्त्रक्रियेनंतर धनुर्वाताने २७ ऑक्टोबर १९०७ रोजी त्यांचा देहान्त झाला. परकीयांचा तुरुंग त्यांना डांबू शकला नाही. हिंदू पद्धतीने त्यांचा अग्निसंस्कार झाला.

ब्रह्मबांधव शेवटी परत आले की गेलेच नव्हते, यावर ख्रिस्ती अभ्यासक आजही वाद घालतात. प्रायश्चित्त सामाजिक होते, श्रद्धा ख्रिस्तावर कायम होती, असे त्यांतील बरेचजण म्हणतात. हिंदूंना या वादात फार रस घेण्याचे कारण नाही. येशूला मानणारा माणूस राष्ट्राशी, परंपरेशी, आपल्या पूर्वजांशी एकनिष्ठ राहू शकतो का, एवढाच हिंदू समाजाचा प्रश्न आहे आणि या एका माणसाने त्याचे उत्तर प्राण देऊन दिले. उपासनेचा मार्ग बदलणे आणि समाजाशी नाते तोडणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या करून दाखवल्या. अडचण होते ती धर्मसंस्था जेव्हा त्या दोन गोष्टी एकत्र बांधते तेव्हा.

मग बाहेर गेलेल्याला परत घेण्याच्या बाबतीत हिंदू समाजाचे वर्तन कसे होते? छत्रपती शिवरायांनी नेताजी पालकरांना शुद्ध करून घेतले, हे शाळेतील मुलेही जाणतात. बजाजी निंबाळकरांचे उदाहरण त्याहून बोलके आहे. बजाजींना परत घेतल्यावर शिवरायांनी आपली कन्या सखूबाई त्यांच्या मुलाला, महादजीला, दिली. विधी भटजी करतो; पण परतलेल्याला घर मिळते ते बेटीव्यवहाराने, हे त्या राजाला कळले होते. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत समाज ते विसरला. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले. तो काही काळ मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्याला पित्याच्या स्वाधीन केले. बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तरी त्याला परत घ्यावे की नाही यावर शास्त्रीमंडळीत रण माजले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला म्हणून त्यांनाच समाजाचा रोष सोसावा लागला. त्या मुलाचा थोरला भाऊ नारायण मात्र गेला तो गेलाच.

पुढे आपल्या याच जिल्ह्यातल्या, त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातल्या शिरवलीच्या विष्णुबुवा ब्रह्मचारींनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी उघड वादविवाद केले. हजारो लोक ऐकायला जमत. शिक्षण जुजबी, इंग्रजीचा गंध नाही, परंतु मिशनऱ्यांपुढे उभे राहून उत्तर देणारा एक हिंदू लोकांना दिसला. धर्मांतराच्या लाटेला त्या काळी बसलेला धक्का पाहता एक निःस्वार्थ आणि अभ्यासू माणूस किती काम करतो, हे दिसून येते. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी तर शुद्धिबंदीला हिंदूंच्या पायांतील सात बेड्यांपैकी एक म्हटले आणि तिच्याच शेजारी रोटीबंदी आणि बेटीबंदी या बेड्या ठेवल्या. एक तोडून दुसरी ठेवली तर पाय मोकळा होत नाही.

याचा प्रत्यय गोव्याने दिला. १९२८ मध्ये मसुराश्रमाचे संस्थापक विनायक महाराज मसूरकर यांनी पोर्तुगीज राजवटीच्या नाकावर टिच्चून हजारो कॅथॉलिक गावड्यांना स्वधर्मात परत आणले. मसूरकर महाराजांना अटक झाली, दडपणे आली, परंतु कार्य झाले. हिंदू संघटनेच्या इतिहासातील हे सोन्याचे पान आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. परत आलेल्या या बांधवांना ‘नवहिंदू गावडे’ हे नाव पडले आणि ते पिढ्यान् पिढ्या चिकटून राहिले. कॅथॉलिक गावड्यांनी त्यांच्याशी सोयरीक तोडली. हिंदू गावड्यांनीही ती सहजासहजी जोडली नाही. शुद्धी होऊन नव्वदहून अधिक वर्षे झाली. ज्याचा पणजा परतला त्याच्या पणतूला अजून ‘नव’ म्हणायचे, तर जुना व्हायला त्याने काय करावे?

आता वर्तमानाकडे वळू. प्रौढ माणसाला बाप्तिस्मा देण्याविषयी कॅथॉलिक चर्चचे स्वतःचे नियम आहेत आणि ते आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, कोणालाही बळाने अथवा अनुचित उपायांनी श्रद्धेकडे ओढण्यास मनाई केली. १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा प्राचीन क्रम पुन्हा सुरू झाला. १९८३ च्या चर्चच्या विधिसंहितेनुसार प्रौढाची स्वतःची इच्छा व्यक्त झाली पाहिजे, त्याला पुरेशी शिकवण मिळाली पाहिजे आणि काही काळ त्याची परीक्षा झाली पाहिजे. मग बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा दिला जातो. एखादा माणूस या साऱ्या मार्गाने, उघडपणे, घरच्यांना सांगून गेला, तर त्याच्याशी वाद होऊ शकतो, पण त्याच्यावर फसवणुकीचा आरोप करता येत नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसून, त्याची इच्छा व्यक्त न होता घाईने होणारे प्रकार मात्र चर्चच्याही नियमात बसत नाहीत. तेथे त्यांचेच नियम त्यांच्यापुढे ठेवावेत. आरडाओरड्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

मध्यमवर्गीय घरांत या विषयाचा संबंध बहुतेकदा विवाहातून येतो. कॅथॉलिक मुलाशी लग्न करायचे तर मुलीला बाप्तिस्मा घ्यावाच लागतो, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा आहे. बिशपांच्या अनुमतीने, हिंदू जोडीदार हिंदू राहून चर्चमध्ये विवाह होऊ शकतो; १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा मार्ग तर आहेच. मात्र अशा विवाहात कॅथॉलिक जोडीदाराला, मुलांना बाप्तिस्मा देऊन कॅथॉलिक म्हणून वाढवण्यासाठी शक्य ते सारे करीन, असे वचन द्यावे लागते आणि हिंदू जोडीदाराला त्याची कल्पना दिली जाते. मुलीच्या आईवडिलांनी आकांत करण्याऐवजी ही गोष्ट शांतपणे मुलीपुढे ठेवावी. तिला निर्णय करायचा आहे, तो माहितीनिशी करू द्यावा.

कायद्याचेही काही परिणाम आहेत. धर्मांतरानंतर स्वतःचा वारसाहक्क जात नाही. परंतु १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ प्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेली मुले हिंदू आजोबांच्या मिळकतीचे कायदेशीर वारस ठरत नाहीत, जोपर्यंत वारसा उघडताना ती हिंदू नसतील. धर्मांतर हे हिंदू विवाह कायद्याखाली दुसऱ्या जोडीदारासाठी घटस्फोटाचे कारण ठरते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा राहत नाही. केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे हा घटनेशी केलेला कपटव्यवहार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या नोव्हेंबरात एका निकालात म्हटले. धर्मप्रचाराचा अधिकार म्हणजे दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नव्हे, हे तर त्याच न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले आहे. कायदा एवढेच करू शकतो. जाणाऱ्याच्या मनात काय आहे ते कायद्याला दिसत नाही.

ते दिसायला शेजारी लागतो. या तालुक्याचा चेहरा तीस-पस्तीस वर्षांत किती बदलला! १९८४ मध्ये जासईला भूमिपुत्रांनी जमिनीसाठी रक्त सांडले, १९८९ मध्ये बंदर चालू झाले, २०२४ मध्ये अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही आली. कंटेनरच्या यार्डापाशी, नव्या गृहसंकुलांत, देशाच्या कानाकोपऱ्यांतील माणसे येऊन राहिली आहेत. मूळ गावचे देऊळ मागे राहिले, भजनी मंडळ मागे राहिले, भाऊबंद मागे राहिले. निवृत्तीच्या उंबरठ्यावर पत्नी जाते, मुले परदेशी असतात, इमारतीत नाव माहीत असलेला एकही माणूस नसतो. अशा वेळी दर रविवारी कोणीतरी येऊन शेजारी बसते, रुग्णालयात सोबत येते, नाव घेऊन प्रार्थना करते. सहा महिन्यांनी तो माणूस त्यांच्यासोबत प्रार्थनेला जातो. त्याने ख्रिस्ताचे तत्त्वज्ञान वाचलेले असतेच असे नाही. त्याला कोणीतरी विचारलेले असते.

१९७४ च्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी पुण्यात सामाजिक समतेवर जे भाषण केले, त्याची पुस्तिका कार्यकर्त्यांच्या घरोघरी आहे. तिच्यात अस्पृश्यतेविषयी जे सांगितले, तेच परतणाऱ्यालाही लागू करता येईल. उरण शहर आणि परिसरात ज्या घरांतील एखादा माणूस बाप्तिस्मा घेऊन गेला आहे, त्या घराशी आपला संबंध आज काय आहे? त्या माणसाच्या आईच्या श्राद्धाला त्याला निरोप जातो का? गणपतीत तो आला तर त्याच्या हातात आरतीचे तबक दिले जाते, की दारातूनच प्रसादाची पुडी दिली जाते? आणि उद्या तो आपणहून परत आला, तर त्याच्या मुलीसाठी या सभागृहातील कोणते घर स्थळ म्हणून पुढे येईल?